सिंहछाप लेटरहेड कसं छापावं

समिती कधीच बरखास्त झाली, तुमच्या नावामागे ‘माजी सदस्य’ लागलं, पण लेटरहेडवरचे तीन सिंह अजून ड्यूटीवर आहेत. परवा ते पत्र हाती पडलं आणि धन्य वाटलं. इतर होतकरू माजींनाही तसंच छापता यावं म्हणून या सूचना.

चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरूनच घ्यायचं. २००५ च्या राजचिन्ह कायद्यासोबत सरकारने सिंहांच्या चिन्हाचे दोन नमुने दिलेत. लेटरहेड आणि शिक्क्यांसारख्या लहान कामासाठी कमी रेघांचा, मोठ्या आकारासाठी बारकाव्यांचा. तुम्ही बरोब्बर उलटं करा. बारीक रेघांचा नमुना रबरी शिक्क्यावर घ्या, म्हणजे चार दिवसांत रेघांत शाई बसेल, आयाळ आणि जबडा एक होतील आणि धर्मचक्राच्या जागी काळा ठिपका उमटेल. साधा नमुना ताणून फ्लेक्सवर लावा.

चित्र आरशासारखं उलटलं तरी चालेल. बैल उजवीकडे आणि धावता घोडा डावीकडे हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, पण परिशिष्ट वाचतो कोण?

सिंह काढून वाघ टाकले की कायदा लागत नाही, असं प्रिंटिंगवाला सांगेल. विश्वास ठेवा. २००५ च्या कायद्यात हुबेहूब भासणारी नक्कलही येते, हे त्याला कुठे ठाऊक!

गाडीच्या काचेवर सिंह हवेतच. केंद्रीय मंत्र्यांच्या गाडीला नियमाने त्रिकोणी पत्र्यावरचं अशोकचक्रच मिळतं, पण ते बिचारे मंत्री, तुम्ही माजी सदस्य.

आता मुख्य काम. जागा कमी पडली की आधी ‘सत्यमेव जयते’ उडवा. ती ओळ चिन्हाचाच भाग आहे, हे कायद्याच्या त्याच परिशिष्टात आहे. पण तुमचं नाव मोठ्या टायपात बसवायचं तर काहीतरी जाणारच, आणि तुमच्या पत्रातून सत्य गेलं तर कुणाला फरक पडतो? रिकाम्या जागेत पदं भरा. वकील, संपादक, समाजसेवक, जे असेल ते. ज्यांना चिन्ह वापरायचा अधिकार आहे, त्यांनासुद्धा त्या कागदावर नावाशी वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असं काही लिहिता येत नाही. माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त न्यायाधीश, निवृत्त अधिकारी, सगळ्यांना या कायद्याखालच्या २००७ च्या नियमांतल्या नियम १० ने नावानिशी बाहेर ठेवलंय. न्यायाधीश निवृत्त झाला की चिन्ह खुर्चीपाशी सोडून जातो. तुमच्या समितीचं तर काय सांगावं! नियमांत परवानगी नसेल तर चालू समितीलाही ते वापरता येत नाही, नगरपालिका, पंचायत, बँक, विद्यापीठ यांनाही नाही. म्हणजे समिती जिवंत होती तेव्हाही तुम्ही बेकायदाच होतात की!

महाराष्ट्र शासनाची मुद्रा एकदा नीट बघा. मधे दिवा आहे, आणि श्लोक शिवाजी महाराजांच्या मुद्रेचाच, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’. फक्त ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ होतं तिथे ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ घातलंय. खुद्द महाराजांचं नाव काढून राज्याचं घालावं लागलं, कारण मुद्रा आता माणसाची नाही. तुम्ही देशाचं चिन्ह घेऊन खाली स्वतःचं नाव चिकटवता. महाराजांच्या पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही वेगळी छोटी मुद्रा उठवत, मजकूर इथे संपला, खाली कुणी ओळ घुसडू नये म्हणून. ती मात्र तुम्ही करवून घेतलेली दिसत नाही.

शिक्षेची काळजी नको. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातून आर्थिक लाभ उकळला असेल तर किमान सहा महिने. शिवाय खटला भरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, तुमच्या गल्लीतल्या लेटरहेडसाठी ती फाइल कोण हलवणार?

पुरे झालं. साहेब, ते पत्र घेऊन माणसं कचेरीत जातात, आणि सिंह बघून टेबलामागचा क्लार्क दचकतो. त्या दचकण्यावरच तुमचं दुकान चाललंय. लाज वाटू द्या. आणि छापणाऱ्यांनो, लग्नपत्रिकेचं प्रूफ तीनदा तपासता, मग सिंह छापताना अधिकारपत्र दाखवा एवढं म्हणायला जीभ का अडखळते? आता वरचं सगळं विसरा. साध्या कागदावर नाव, पत्ता लिहून सही करा. साध्या निवेदनालाही आवक क्रमांक मिळतो. नाही मिळाला तर पोच मागा, भांडा. आणि उरलेले गठ्ठे रद्दीत घालू नका, कोरे कागद कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही. बारीक फाडा, शिक्क्याचं रबर कात्रीने कापा, काचेवरचं स्टिकर आजच खरवडून काढा.