दुपारी एक ते तीन

मुंबईच्या फोर्टमधल्या आमच्या कचेरीजवळची जुनी बाग अखेर उघडली. नूतनीकरणाच्या नावाखाली निळ्या पत्र्यांमागे झाकून ठेवलेल्या त्या बागेची वाट पाहत आम्ही इतके महिने जिन्यात, वाहनतळावर आणि बँकेच्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले होते. लोकार्पण झाले, फीत कापली गेली, समाजमाध्यमांवर फोटो झळकले. मंगळवारी मी भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन तिथे पोहोचले, तर फाटकाला कुलूप होते आणि कुलपाशेजारी स्टीलची नवीकोरी पाटी लावलेली होती: ‘उद्यान दुपारी १ ते ३ बंद राहील.’ आमची जेवणाची सुटी दीड ते दोन असते. या भागातल्या बहुतेक कचेऱ्यांची जेवणाची वेळ याच दोन तासांत येते, हे त्या पाटीवर वेळ कोरणाऱ्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आतल्या सुरक्षारक्षकाला मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘मॅडम, दुपारी कोण येतंय बागेत? नुसते झोपायला येतात.’

होय, झोपायला येतात. पहाटेच्या लोकलने अंबरनाथहून आणि नालासोपाऱ्याहून उभ्याने आलेला माणूस, सकाळपासून पाकिटे वाटत फिरणारा कुरिअरवाला, न्यायालयात ‘पुढची तारीख’ ऐकून बाहेर पडलेली गावाकडची म्हातारी, हातगाडी बाजूला लावलेला हमाल, ही माणसे दुपारी सावलीला येऊन पाठ टेकत असतील, तर बागेचा याहून चांगला उपयोग दुसरा कोणता, हे मला कोणी तरी समजावून सांगावे. हा भाग सकाळी नऊला भरतो आणि संध्याकाळी सातला रिकामा होतो. इथे सहा वाजता बाग उघडून ठेवायची, दुपारी ऊन तापले की लोकांना बाहेर काढायचे आणि रात्री नऊपर्यंत दिवे जाळायचे, हे वेळापत्रक आखणाऱ्याने या परिसरात कधी नोकरी केलेली नसावी. पहाटे चालायला येणाऱ्यांशी माझे वैर नाही. हास्यक्लबाविषयीचे माझे मत मात्र मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना काही तरी सांगून साडेबारालाच निघाले आणि आत शिरले. तिथे शिरल्यावर जे दिसले त्यापुढे कुलूप परवडले असते.

त्या बागेत मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली ओतीव लोखंडाच्या पायांची आणि सागवानी पट्ट्यांची जुनी बाके होती. त्यांतल्या दोन-चार पट्ट्या तुटलेल्या होत्या, एकाचा पाय हलत होता, रंग उडाला होता. एक सुतार, एक वेल्डर, चार दिवसांचे काम आणि थोडे तेलपाणी एवढ्यावर ती आणखी पन्नास वर्षे टिकली असती. ती बाके गेली. कुठे गेली ते कोणालाही माहीत नाही. भंगारात गेली असतील किंवा कोणाच्या तरी अलिबागच्या बंगल्याच्या अंगणात शोभत असतील. त्यांच्या जागी झाडाभोवती काळ्या, चकचकीत पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा गोल कट्टा बांधला आहे. त्याला पाठ नाही. त्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे, म्हणजे पाणी साचू नये, आणि अर्थातच माणूसही साचू नये. अर्ध्या कट्ट्यावर ऊन येते, कारण झाडाच्या खालच्या फांद्या ‘दृश्य मोकळे व्हावे’ म्हणून छाटल्या आहेत, आणि त्या उन्हात साडेबारा वाजता तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापलेला असतो. मी सुती साडी नेसून त्यावर बसले आणि लगेच उठले. शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून त्यावर बसले होते. त्यांनी मला एक पान दिले. संपादकीय पान होते. निदान कशाच्या तरी कामी आले.

आता झाडाकडे या. ग्रॅनाइटचा कट्टा आणि खोड यांच्यामध्ये जिथे आळे असायला हवे तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. ते अगदी सालीला भिडवून, कोपरे कापून, सांधे सिमेंटने बुजवून बसवले आहेत. झाडाला पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली असतात, हे चौथीच्या मुलाला कुंडीवरूनही कळेल, पण कंत्राटाच्या अंदाजपत्रकात मातीला दर नसतो आणि पेव्हर ब्लॉकला चौरस मीटरमागे असतो. या शहरात गेल्या दशकभरात पिठ्या ढेकूण या किडीने किती पर्जन्यवृक्ष वाळले ते लोकलच्या खिडकीतूनही दिसत होते. मुळे गुदमरलेले झाड कीड आल्यावर कशाच्या बळावर उभे राहणार? दिल्लीपुरता का होईना, राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा मानही दिला आहे. आमच्या पर्जन्यवृक्षाला तो मान मिळाला की नाही हे कळायला मार्ग नाही, पण त्याला जांभळ्या दिव्यांची माळ मात्र मिळाली आहे. ती बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत घट्ट आवळून, खिळे ठोकून बसवली आहे.

दिव्यांचे तर नावच काढू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या सौंदर्यीकरणासाठी सुमारे सतराशे कोटींचा बेत निघाला, आणि बघता बघता पूल, खांब, दुभाजक, झाडे असे जे जे म्हणून उभे होते ते ते रात्री लुकलुकू लागले. झाडांवरच्या दिव्यांचे प्रकरण २०२४ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर माळा उतरवण्याचे आदेशही निघाले. आमच्या बागेतली माळ त्यानंतरची आहे. पक्ष्यांनी रात्री कुठे झोपावे याचा विचार कोणी केला नसेल हे मी समजू शकते, पण हिरवे झाड हिरवेच दिसलेले कोणाला का सहन होत नाही?

याच परिसरात धीराने केलेली कामे झालेली आहेत, म्हणून तर अधिक चीड येते. १८६४ च्या फ्लोरा फाउंटनवर वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर तज्ज्ञांनी उतरवले, मूळ दगड मोकळा केला, आतल्या नळांची व्यवस्था दुरुस्त केली, आणि २०१९ मध्ये ते कारंजे पुन्हा उडू लागले. तिथे कोणी फ्लोरादेवीच्या हातात सेल्फी पॉइंट दिला नाही. ओव्हल मैदान १९९० च्या दशकात उकिरडा झाले होते, तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात भांडले आणि पुढे त्यांनी देखभाल हाती घेतली; कुंपण, गवत आणि झाडू यांवर मैदान सावरले, तिथे आजही एका वेळी पोरांचे क्रिकेटचे असंख्य सामने एकमेकांत घुसून चाललेले असतात, आणि २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींसह ते जागतिक वारशात गेले. पण तिथे रहिवासी होते, त्यांच्या खिडक्या मैदानावर उघडत होत्या. आम्ही कारकून, आमची खिडकी वातानुकूलन यंत्राच्या मागच्या बाजूवर उघडते आणि आमची संघटना फक्त बोनसच्या वेळी भरते.

आणि ही मैदाने, या बागा काही कोणी सहज दिलेल्या नाहीत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याच्या भिंती पाडल्या तेव्हा शहराला मोकळा श्वास मिळाला. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड या मोकळ्या पटांगणाचे तुकडे पडत पडत आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज उरली. रया गेलेल्या बॉम्बे ग्रीन या जुन्या मोकळ्या जागेवर १८७२ पर्यंत एल्फिन्स्टन सर्कलची गोल बाग उभी राहिली, जिला स्वातंत्र्यानंतर पत्रकार हॉर्निमन यांचे नाव मिळाले. त्याआधी, १८५० च्या दशकात, टाउन हॉलसमोरच्या वडांखाली दलाल जमून सौदे करत, आणि देशाचा शेअर बाजार त्या सावलीतून निघाला. त्या दलालांना दुपारी एक ते तीन कोणी शिट्टी वाजवून हाकलले असते तर सेन्सेक्सचे काय झाले असते, हा प्रश्न मी आमच्या शेअरवेड्या लेखापालांना विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चष्मा पुसला.

शिट्टीवरून आठवले. फाटकाच्या आत एक फलक आहे आणि त्यावर फक्त मनाई आहे: हिरवळीवर बसू नये, आडवे होऊ नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, खेळू नये, फुलांना हात लावू नये, विनापरवाना छायाचित्रण करू नये. त्या फलकापासून दहा पावलांवर फायबरचे लालभडक हृदय असलेला सेल्फी पॉइंट उभा आहे. फलकाच्या वर लोकप्रतिनिधींची नावे आहेत, ती इतक्या मोठ्या अक्षरांत की समोरच्या चौथ्या मजल्यावरून वाचता येतात. झाडांची नावे सांगणाऱ्या जुन्या पत्र्याच्या पाट्या होत्या, त्या मात्र गेल्या. ‘सुकेशिनी’ किंवा ‘उर्वशी’ म्हणजे कोणते झाड हे मला त्या पाट्यांनी शिकवले होते.

राणीच्या बागेचे तर मला बोलूच देऊ नये, तरी बोलते. १८६२ ची ती बाग मुळात वनस्पतींची, तिथली गोरखचिंच पाहायला माणसाने मुद्दाम जावे. २००७ पासून नागरिकांनी तिच्या भव्य ‘कायापालटा’विरुद्ध किती पत्रे लिहिली, किती मोर्चे काढले! शेवटी पेंग्विन आलेच, आणि २०१७ मध्ये पाच रुपयांचे तिकीट पन्नासावर गेले. या शहरात माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही, आणि त्या एवढ्याशा जागेत आपण पेंग्विनला वातानुकूलित घर, हृदयाला चौथरा आणि फलकाला कमान देतो.

इथे मला थोडे थांबायला हवे, कारण लिहिता लिहिता माझा आवाज चढला आहे असे घरच्यांचे म्हणणे आहे, आणि मी तर टंकलेखन करते आहे. बुधवारी मी पर्समधली शिवणकामाची टेप काढून झाडाभोवतीचे पेव्हर ब्लॉक मोजायला बसले, तेव्हा सुरक्षारक्षकाने पहिल्यांदा शिट्टी वाजवली. मी दुर्लक्ष करून आकडे वहीत लिहू लागले, तशी शिट्टी थांबली. थोड्या वेळाने दोन कामगार घाईघाईने येऊन एक निखळलेला ब्लॉक बसवू लागले, कोणी तरी खुर्ची आणून ठेवली, आणि मुकादम म्हणाला, ‘बाई, बिल अजून वर अडकलंय, तुम्ही जरा शेरा चांगला द्या.’ मी खुर्चीवर बसले आणि गंभीरपणे मान हलवली. त्या बागेत पाठ टेकता येईल अशी ती एकमेव जागा होती. कचेरीत ही हकिकत सांगितल्यापासून सहकारी मला ‘उद्यान अधीक्षक’ म्हणतात, आणि माझी लेक विचारते की तू जेवायला जातेस की तपासणीला. प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी डबा तसाच परत आला.

शौचालय नवे आहे, ते खरे आहे. त्याला संगमरवरी उंबरठा आहे, बाहेर कुंडी आहे आणि दाराला कुलूप आहे. किल्ली सुरक्षारक्षकाकडे असते आणि सुरक्षारक्षक फेरीवर असतो. ज्यांनी हे ठरवले त्यांच्यात बायका किती होत्या हे विचारायची गरज नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ तर आराखड्यातच नव्हता म्हणे. ज्या शहरात एकोणिसाव्या शतकातल्या दानशूरांनी माणसांसाठी आणि बैलांसाठीही दगडी पाणपोया बांधल्या, त्या शहरातल्या नव्या बागेत पाणी विकत घ्यायला फाटकाबाहेरच्या टपरीवर जावे लागते. तिथून एक वाजून गेल्यावर परत आत येता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मी रीतसर ऑनलाइन तक्रार केली. माझे म्हणणे मोजके होते: दुपारी फाटक उघडे ठेवा, खोडाभोवतीचे ब्लॉक काढून तीन फूट माती मोकळी करा, खिळे उपटा, जुनी बाके कुठे आहेत ते सांगा, आणि यंत्रे विकत घेण्याऐवजी एक कायमचा माळी नेमा. उत्तर आले की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत पुरावा म्हणून बागेचे छायाचित्र जोडले होते. ते रात्री काढलेले होते, फाटक बंद होते आणि झाड जांभळे होते. खाली एक ओळ होती की दुसऱ्या टप्प्यात संगीतमय कारंजे प्रस्तावित आहे. म्हणजे पुन्हा पत्रे लागणार, पुन्हा आम्ही जिन्यात, आणि ते कारंजे संध्याकाळी साडेसातला सुरू होणार, जेव्हा आमची लोकल दादर सोडून पुढे गेलेली असेल. मी तक्रार पुन्हा दाखल केली आहे. या वेळी शौचालयाच्या किल्लीचा मुद्दा पहिला घातला आहे, आणि टेपने घेतलेली मापेही जोडली आहेत, इंचांत.