लाइन मोठी घेतली म्हणून चेन्नई जवळ येत नाही

डेटा सेंटरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'गिगाबिट इंटरनेट स्वस्त झालंय. मुंबई आणि चेन्नईचं स्टोरेज एफसीआयपीने इंटरनेटवरून जोडा, व्हीपीएन लावा. दोन्हीकडे डेटा क्षणाक्षणाला सारखा. डार्क फायबर म्हणजे उधळपट्टी.' (डार्क फायबर म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली रिकामी फायबर तार.)

एफसीआयपी थाप नाही, हे आधीच मान्य. फायबर चॅनल या स्टोरेजच्या खास नेटवर्कच्या फ्रेम (डेटाचे पुडके) टीसीपीत, म्हणजे इंटरनेटच्या वाहतुकीच्या नियमांत, गुंडाळून आयपीवरून न्यायची ही पद्धत 2004 मध्ये आरएफसी 3821 या इंटरनेट मानकात आली, आणि ती चांगली चालते. घोळ पुढच्या वाक्यांत आहे.

'क्षणाक्षणाला सारखा' याचा अर्थ सिंक्रोनस रिप्लिकेशन. म्हणजे लांबच्या स्टोरेज अ‍ॅरेने 'लिहिलं' म्हणेपर्यंत इथल्या डेटाबेसने थांबायचं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई रस्त्याने सुमारे 1300 किलोमीटर, तार तेवढीच धरली तर जाऊन-येऊन 13 मिलिसेकंद. त्यात फायबर चॅनलवरचं साधं राइट (डेटा लिहिणं) दोन फेऱ्या मारतं: आधी 'पाठवू का?', 'पाठव', मग डेटा आणि पोच. झाले 26. एकापाठोपाठ एक जाणारी राइट्स सेकंदाला जेमतेम 38! राइट अ‍ॅक्सिलरेशनने एक फेरी वाचते, उरलेली वाचवायला प्रकाशालाच दामटावं लागेल. आणि हा सगळा हिशेब राउटर, स्विच, गर्दी काहीच न धरता. एक्स्प्रेसवेला लेन वाढवल्या म्हणून पुणं खोपोलीला येत नाही.

'गिगाबिट' मिळतं का, तेही बघा. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) 64 केबीवरच अडकली असेल, तर राउटर वगैरे धरून 20 मिलिसेकंदांच्या फेरीवर एका कनेक्शनला 26 मेगाबिटच्या आसपास मिळतं. लाइन भरायला अडीच एमबी डेटा सतत वाटेत हवा. विंडो वाढवता येते, पण मग पॅकेट गळालं की वेग धाडकन पडतो, आणि सार्वजनिक इंटरनेटवर पॅकेटं गळतातच.

व्हीपीएनने डेटा झाकला जातो, एवढंच. उशीर किती होईल याची हमी तो देत नाही.

मेसेज ज्याबद्दल गप्प आहे ते मला जास्त खटकतं. सरळ एफसीआयपीने जोडलं की दोन्ही गावांची फॅब्रिक, म्हणजे स्टोरेज स्विचची जाळी, एक होतात. मग लाइन लुकलुकली की हादरा दोन्हीकडे. मध्ये फायबर चॅनल राउटिंग टाकून ती वेगळी ठेवता येतात, पण फॉरवर्ड करणाऱ्याला ते कोण सांगणार?

उधळपट्टीचं म्हणाल तर सेबीच्या नियमांत शेअर बाजारांसाठी डेटा शून्य हरवावा म्हणून जवळची 'निअर साइट' आहे, आणि दूरची डीआर (आपत्तीनंतर काम सुरू करायची) साइट वेगळी. डार्क फायबर त्या जवळच्या टप्प्यासाठी. चेन्नईला असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न बघता, पाठवा. तिथे आयपी लाइन, अगदी इंटरनेटसुद्धा, चालेल. फक्त शेवटची किती मिनिटं हरवली तर चालतील, तो आकडा मॅनेजमेंटकडून लिहून घ्या.