नाणे पालटण्याचा खेळ आणि कैद्यांचा पेच

कैद्यांच्या पेचात दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचेही भले होते, पण प्रत्येकाचा स्वतःचा फायदा दगा देण्यात असल्याने दोघेही दगा देतात. क्वांटम डावपेच, म्हणजे क्वांटम भौतिकीच्या नियमांनी चालणाऱ्या चाली, वापरले की हा पेच सुटतो, असे एका लेखात म्हटले आहे; ते अर्धेच खरे आहे. १९९९ मध्ये आयझर्ट, विल्केन्स आणि लेवेन्स्टीन या भौतिकशास्त्रज्ञांनी दोघांनाही परस्पर सहकार्याइतके, म्हणजे ३-३ गुण देणारा समतोल (एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) दाखवला खरा, पण खेळाडूंना त्यांनी ठरावीक चालींचीच मुभा दिली होती. सर्व क्वांटम चाली खुल्या केल्यास प्रत्येक चालीला तोड निघते, हे २००१ मध्ये बेंजामिन आणि हेडन यांनी दाखवून दिले.

मला खरा फरक डेव्हिड मेयर यांच्या १९९९ मधील नाण्याच्या खेळात दिसतो. छापा वर असलेले नाणे डबीत ठेवून आधी पहिला, मग दुसरा, पुन्हा पहिला असे दोघे न बघता ते पालटतात किंवा तसेच ठेवतात आणि शेवटी छापा आला तर पहिला जिंकतो. अभिजात, म्हणजे क्वांटम चाली नसलेल्या खेळात दोघांनाही निम्मीच संधी असते. पहिल्याला क्वांटम चाल मिळाली, तर तो नाणे छापा-काट्याच्या अशा समसमान अध्यारोपणात (एकाच वेळी दोन्ही असलेल्या स्थितीत) नेतो की दुसऱ्याने पालटले काय किंवा न पालटले काय, स्थिती तीच राहते, आणि तीच चाल पुन्हा करून तो दर वेळी छापा आणतो. केवळ संभाव्यतांच्या मिश्रणाने हे साधत नाही, कारण संभाव्यता कधी उणे नसतात. क्वांटम आयाम (ज्यांच्या वर्गांवरून संभाव्यता मिळतात त्या संख्या) मात्र उणेही असू शकतात, म्हणून ते एकमेकांना रद्द करू शकतात.