मे महिन्यातला स्वेटर

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहू की नको करत दिवस गेला, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून आता बसलेय. लांबलचक होईल, ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

सकाळी सव्वासहाला लेडीज बॅच चालू असताना एक ताई मुलीला घेऊन जिममध्ये आल्या. मुलगी नुकतीच दहावी देऊन मोकळी झालेली (नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललंय). जळगावचा मे महिना, दुपारी पारा ४४-४५ ला, सकाळी सहालासुद्धा पंख्याचं वारं गरम लागतं, आणि या पोरीच्या अंगात स्वेटर. शाळेचा, मरून रंगाचा, बाह्या बोटांपर्यंत ओढून मुठीत धरलेल्या. ताई बोलत होत्या, "मॅडम, हिलाच यायचं होतं, म्हटलं सुट्टीत मोबाईल तरी सुटेल. बारीकच आहे तशी, तेवढं पोट आत जाऊ द्या, अजून तीन-चार वर्षांनी बघायला सुरुवात करावीच लागेल ना." आणि मुलगी ट्रेडमिलकडे बघत होती. चालणाऱ्या बाईकडे नाही, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर कॅलरीचा आकडा पळत असतो ना, त्या आकड्याकडे. डोळे हलत नव्हते तिचे.

मला पुढचं काही विचारायची गरज नव्हती. तो स्वेटर मी ओळखते. मी घातलाय तो.

मी १९ वर्षांची होते तेव्हाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरताण, हे खान्देशातल्यांना सांगायला नको. लेकीबाळी माहेरी आलेल्या, निंबाला झोके, आजोबांच्या नावाची घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलेलं, आणि मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं. आई मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करत होती, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. घामाने ती निथळत होती. आणि मी तिच्यापासून चार हातांवर, त्या धगीजवळ, स्वेटर घालून बसले होते आणि मला थंडी वाजत होती. ताटात मांडा आला, वाटीत आमरस आला, सगळे जेवायला बसले, आणि माझा मांडा मी ओढणीत गुंडाळून गोठ्यात म्हशीपुढे टाकून आले.

हे मी असं सगळ्यांसमोर पहिल्यांदा लिहितेय. घरच्यांना माहीत आहे, दोन-तीन मैत्रिणींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी मी म्हणजे 'आधी आजारी असायची, आता जिममध्ये शिकवते' ती. तर आजाराचं नाव ॲनोरेक्सिया, वजन वाढायच्या भीतीने माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो तो मनाचा आजार. वजन किती उतरलं होतं ते सांगणार नाही, कमेंटमध्ये कोणी विचारू पण नका. या आजारातली एखादी मुलगी हे वाचत असेल तर ती बाकी सगळं सोडून फक्त तो आकडा उचलेल आणि त्याच्याशी शर्यत लावेल. मी लावायचे, म्हणून माहीत आहे.

'श्रीमंतांचे चोचले' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, मी चोपड्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी आहे. घरात खायला कमी नव्हतं आणि चोचले करायला वेळ कोणालाच नव्हता. सुरू कसं झालं विचाराल तर कॉलेजला गेल्यावर कोणीतरी म्हणालं, 'काय वं, अंगाने भरली तू', आणि दोन महिन्यांनी तीच बाई म्हणाली, 'आता कशी छान दिसायला लागली, काय करते गं?' एवढंच. त्या एका वाक्याने आजार होत नाही, डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलंय, स्वभाव, टेन्शन, घराण्यातून आलेलं काहीबाही असं बरंच असतं त्यात. मान्य. पण त्या वाक्याने दार उघडलं ते उघडलंच.

आणि माझा आजार लपला कशात माहितीये? उपवासात. आधी सोमवार, मग गुरुवार, मग एकादशी, मग नवरात्र नऊच्या नऊ दिवस नुसत्या पाण्यावर. गावभर कौतुक. 'पोरगी किती देवाधर्माची.' बायका स्वतःच्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. देवाचं नाव घेऊन मी खोटं बोलत होते आणि लोक माझ्या पाया पडायचे बाकी होते. उपवासाला माझा विरोध नाही, आई आजही एकादशी धरते, पण द्वादशीला सकाळी ती पोटभर जेवते. माझी द्वादशी उजाडतच नव्हती.

परत त्या आखाजीवर येते, कारण सकाळपासून तीच डोळ्यासमोर आहे. आदल्या दिवशी कासारीण आली होती. सगळ्या लेकीबाळींना बांगड्या भरल्या, माझी पाळी आली तेव्हा तिने माझा हात दाबून बघितला, एक माप काढलं, दुसरं काढलं, सगळं हातातून निसटून खाली. शेवटी आईकडे बघून म्हणाली, "हिला लहान पोरींच्या मापाच्या लागतील." आईचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मला, मला आनंद झाला. खरंच सांगते, आतून उकळी फुटल्यासारखा आनंद, बक्षीस मिळाल्यासारखा. हा आजार असा असतो. ज्या मुलीला तुम्ही 'अगं किती वाळलीस' म्हणून घाबरवायला जाता ना, तिला तुम्ही मेडल देत असता.

डॉक्टरांकडे नेलं. पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि बाबांना म्हणाले, या वयात मुलींचं असं होतं, लग्न करून टाका, सासरी गेली की आपोआप अंग धरेल. माझी तेव्हा पाच महिने पाळी आलेली नव्हती! केस विंचरले की पुंजकेच्या पुंजके, पाठीवर बारीक लव उगवलेली, बसून उठलं की डोळ्यापुढे अंधारी, आणि उपाय काय, तर लग्न. आज इतक्या वर्षांनी टाईप करताना पण हात थरथरतोय माझा.

जूनमध्ये कॉलेजच्या जिन्यात पडले. नाशिकला ॲडमिट केलं, हृदयाचे ठोके फार कमी झाले होते. आईने काय केलं, तर डबाभर तुपातले डिंकाचे लाडू घेऊन आली, की आता पोर पोटभर खाईल आणि उठून बसेल. तिथल्या डॉक्टरांनी तो डबा हातात घेऊन, अगदी हळू आवाजात तिला सांगितलं की माऊली, एकदम घालायचं नाही. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, माणूस जेवून दगावू शकतो. आधी थोडं, रोज रक्त तपासून, मग थोडं जास्त. आई तो डबा मांडीवर घेऊन रात्रभर बसून होती. एकदा म्हणाली, "मनं काय चुकनं वं माय?" गोठ्यातला मांडा तिने तेव्हाच बघितला होता, आखाजीच्या संध्याकाळीच. धारा काढायला गेली तेव्हा. दोन महिने पोटात ठेवून होती, कोणाला बोलली नव्हती.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. हे मी तिला शंभर वेळा सांगितलंय, अजून पटत नाही तिला.

नंतर कौन्सिलिंगमध्ये मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली जी मी आता माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर प्रयोग केला, युद्धात उपाशी राहिलेल्यांना परत कसं जेवू घालायचं हे कळावं म्हणून. धडधाकट, डोक्याने शांत अशी निवडून घेतलेली मुलं, स्वतःहून तयार झालेली. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती माणसं दिवसभर जेवणाबद्दलच बोलायला लागली, स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. आणि भर उन्हाळ्यात अंगावर घ्यायला जास्तीची पांघरुणं मागायला लागली. भर उन्हाळ्यात! हे ऐकलं तेव्हा मी मॅडमसमोर ढसाढसा रडले. मला वाटायचं मी वेडी आहे, मी वाईट मुलगी आहे. अरे, शरीर उपाशी होतं, ते उब वाचवत होतं, एवढी साधी गोष्ट होती ती.

आता ट्रेनर कशी झाले ते. बरी होतानाची पहिली अट होती की व्यायाम बंद. एकदम बंद. नंतर फक्त चालायची परवानगी मिळाली, ती पण आईसोबत गप्पा मारत आणि घड्याळ घरी ठेवून. जळगावला मावशीकडे राहायचो, मेहरूण तलावावर आई आणि मी जायचो, ती मला शेतातल्या, भाऊबंदकीच्या गोष्टी सांगायची आणि मी पावलं मोजू नये म्हणून तिच्या गोष्टीत लक्ष घालायचे. तीन वर्षं गेली अशी. मध्ये एकदा आजार उलटला पण, परत पहिल्यापासून. मग कधीतरी बाबांच्या मळ्यात केळीची कटाई चालू होती, माणसं कमी पडली, मी एक घड खांद्यावर घेतला आणि बांधापर्यंत नेऊन ठेवला. खांदा चिकाने माखला, पाय लटपटले, पण नेला. बाबा बघत राहिले, बोलले काहीच नाही. त्या दिवशी रात्री मला भूक लागली. नुसती भूक, कसलीही भीती नसलेली. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेल. किती खाल्ली ते मोजलं नाही, म्हणून आठवत पण नाही.

मग डॉक्टरांना विचारून वेट ट्रेनिंग, मग कोर्स, मग ही नोकरी. पहिल्यांदा रिकामा बार उचलला, २० किलोचा, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एखादा आकडा वाढल्याचा आनंद झाला.

लोक म्हणतात, ज्या मुलीला हा आजार होता तिने जिममध्ये कशाला काम करावं, दारू सोडलेल्याने बारमध्ये नोकरी करण्यासारखं आहे. बोलणं चुकीचं नाही. जिममध्ये हा आजार जितका छान लपतो तितका कुठेच लपत नाही, इथे त्याला 'डेडिकेशन' म्हणतात. माझे डॉक्टरही आधी नाहीच म्हणाले होते, आणि आजही मी वर्षातून दोनदा त्यांना दाखवून येते. पण म्हणूनच तर मी इथे पाहिजे ना! सकाळी ती पोरगी दुसऱ्या कोणासमोर उभी राहिली असती तर तिला ॲबचा, म्हणजे पोटाच्या व्यायामाचा, चार्ट मिळाला असता.

मी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, पाळी येते का वेळेवर? म्हणाल्या, तीन महिने नाही आली, पण दहावीचं टेन्शन होतं ना. जेवते का? म्हणाल्या, हल्ली तीच स्वयंपाक करते सगळ्यांना, यूट्यूबवर बघून बघून केक करते, भावाला आग्रह करकरून खाऊ घालते. स्वतः? "ती म्हणते माझं आधीच झालं." मी सांगितलं, ताई, हिला मी आत्ता व्यायाम देणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा, रक्त तपासा, आणि मानसोपचारवाल्यांनाही दाखवा. त्या शब्दावर त्या उसळल्याच. "माझ्या पोरीला वेडी ठरवता का? हिचं लग्न व्हायचंय." आवाज चढला, सगळी बॅच बघायला लागली. मालक नंतर मला म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक असं परत लावायचं नसतं. भिंतीवर आधीचा-नंतरचा फोटो लावायला मी मागच्या वर्षी विरोध केला तो राग पण त्यात निघाला. निघू दे. तिथे फोटो लागलेला मी बघितलेला आहे, आजारी मुलीचा, 'इन्स्पिरेशन' म्हणून.

ताईंचा राग नाही मला. दुपारपर्यंत होता, आता नाही. कोणती आई मुद्दाम करते? मी जरा घाईच केली, पहिल्याच भेटीत बॅचसमोर नको होतं. बसवून, चहा पाजून सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिममधल्या ट्रेनर भावांना आणि ताईंना हात जोडून सांगते, ती मुलगी उद्या तुमच्याकडे येईल. फी घेऊ नका. वजन कमी करायचं असतं बऱ्याच जणांना, शुगरवाले, गुडघेदुखीवाले माझ्याकडेही येतात आणि मी मनापासून करून घेते. पण मे महिन्यात गारठलेली पोर आली तर तिला काट्यावर उभी करू नका. आणि ज्यांच्या घरात अशी कोणी आहे त्यांनी १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो.

एक राहिलं. ताई तावातावाने बाहेर गेल्या, स्कुटी चालू केली. मुलगी दारातून परत फिरून माझ्याजवळ आली. मी ताईंशी बोलायच्या आधी तिला फक्त एवढंच विचारलं होतं, थंडी वाजते ना गं? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" मी तोंड उघडेपर्यंत बाहेर हॉर्न वाजला आणि ती पळाली. पाण्याची बाटली बेंचवरच राहिली.

बेटा, कसं कळलं ते वर सगळं लिहिलंय. बाटली काउंटरच्या आत ठेवलीय, धुवून. मी सकाळी सहा ते दहा असते. व्यायाम नाही करायचा आपण, नुसती न्यायला ये. आईला पण आण.