‘हे गेम खेळणारे एकमेकांशी बोलतच नाहीत’ म्हणे!

पोकेमॉन गो, इन्ग्रेस अशा लोकेशनवर चालणाऱ्या, म्हणजे फोन घेऊन खऱ्याखुऱ्या जागी जाऊन खेळायच्या गेमबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्यातले आरोप तीन: खेळणारे मान खाली घालून फिरतात नि कुणाशी बोलत नाहीत, बोललेच तर गेमपुरतं, आणि अनोळखी माणसांना भेटणं धोक्याचं. मी स्वतः खेळते, म्हणून एकेकाला उत्तर देते.

बोलत नाहीत? इन्ग्रेसमध्ये पोर्टल (गेममध्ये ताब्यात घ्यायची खरी जागा) आठव्या लेव्हलला न्यायचं तर आठव्या लेव्हलचे आठ रेझोनेटर (पोर्टलला लावायचे गेममधले भाग) लागतात, आणि एका खेळाडूला त्यातला एकच लावता येतो. म्हणजे आठ माणसं हवीतच. कोण कधी पोहोचतंय, कोण कमी पडतंय, हे न बोलता ठरेल कसं? पोकेमॉन गोमध्ये २०१७ साली रेड आल्या, म्हणजे एका जागी जमून बलाढ्य पोकेमॉनशी, बॉसशी, मिळून लढायचं. पाच स्टारचा बॉस सहसा एकट्याला झेपत नाही आणि वेळ ठरलेली असते. गेम आला तेव्हा त्यात चॅटची सोयच नव्हती, म्हणून खेळाडूंनी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्डवर आपापले ग्रुप काढले. २०१८ साली पोकेमॉनची अदलाबदल सुरू झाली, तीही तेव्हा दोघं शंभर मीटरच्या आत असतील तरच. मान खाली दिसते ती खरी, पण शेजारी उभा असलेला बहुतेक वेळा त्याच रेडसाठी थांबलेला असतो.

‘गेमपुरतं’ हा आरोप मला सगळ्यात चुकीचा वाटतो. सुरुवात ‘किती जण झालो?’ इथूनच होते, हे मान्य. पण कुठल्या ओळखीची सुरुवात कामाच्या बोलण्याने होत नाही? आणि संवादाला समोरासमोर भेट लागतेच असंही नाही. मे २००० मध्ये नागरी जीपीएसची मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने वस्तूंनी भरलेली बादली लपवली, आत वही ठेवली आणि ठिकाणाचे आकडे इंटरनेटवर टाकले. जिओकॅशिंग, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधण्याचा खेळ, तिथून सुरू झालं. सापडलेल्या डब्यातल्या वहीत नाव लिहून ठेवण्याची रीत आजही आहे. लपवणारा आणि शोधणारा कधीच भेटत नाहीत, तरी एकमेकांना निरोप देतात.

धोक्याचं म्हणाल, तर तिथे फॉरवर्ड करणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. इन्ग्रेसमध्ये कुणी कुठलं पोर्टल कधी घेतलं हे नावासकट इतरांना दिसतं. रोजचा रस्ता त्यावरून सहज कळतो. म्हणून नवख्यांना मी सांगते: गेममध्ये खरं नाव वापरू नका, घराजवळची पोर्टल रोज ठरल्या वेळी घेऊ नका, आणि पहिली भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, चौघांसोबतच.