आकडा सांगणार नाही

आज इथे, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत, आपल्या मंडळाची कोजागिरी होती. मसाला दुधाच्या रांगेत उभा होतो, सोबत माझी लेक रेवा. मागून एक गृहस्थ आले, माझ्या काळ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाले, "काय हो, झाली का तुमची ती गाडी? केवढ्याला पडली?"

म्हटलं, अजून काम चालू आहे. तर त्यांनी हातात कप धरूनच हिशोब मांडला. जुनी माझदा एवढ्याची, किट एवढ्याचं, हत्यारं एवढ्याची. "अहो, यात नवी कोरी गाडी आली असती. वॉरंटीसकट!" चार लोक हसले. मीही हसलो, मंडळात कोण भांडत बसणार. पण जाता जाता त्यांनी आणखी एक सोडली. "आणि पोरीला कशाला असल्या मेकॅनिकच्या कामाला लावताय?"

ते रेवाने ऐकलं. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी घरच्या गॅरेजमध्ये किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, गाडी बांधतोय. दोन सीटची, बिनदाराची, बिनछपराची, जुन्या लोटस सेव्हनच्या घाटणीची. किटवाल्यांकडून नळ्यांची वेल्ड केलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आली, अॅल्युमिनियमचे पत्रे आले, फायबरचं नाक आणि मडगार्ड आले, आणि नट-बोल्टच्या पिशव्या इतक्या आल्या की जेवणाचं टेबल महिनाभर दिसलं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी पेटी), ब्रेक हे सगळं नव्वदच्या दशकातल्या एका माझदा एमएक्स-5 मधून काढलेलं. दाराखालचा पत्रा कुजून ती पार कामातून गेली होती. त्या गाड्या तिथेच कुजतात, इंजिन मात्र ठणठणीत असतं.

हा उद्योग इंग्रजांनी काही कलेच्या प्रेमापोटी सुरू केला नाही, टॅक्स वाचवायला केला. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन काढली. तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. मग विका सुटी, जोडू दे गिऱ्हाइकाला घरी. फक्त सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत अशी अट. त्यावर म्हणे यांनी गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या आणि सांगितलं, उलट्या क्रमाने वाचा! खरं-खोटं चॅपमन जाणे, पण ही आयडिया कोल्हापुरात निघाली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडली, कॅटरहॅम नावाच्या कंपनीने उचलली. ते आजही सुट्या भागांत गाडी विकतात. टॅक्स वाचायचा बंद होऊन पन्नास वर्षं झाली आणि लोक अजून गॅरेजमध्ये गाड्या जोडतायत. सगळेच काही हिशोबाला कच्चे नसावेत.

आता ब्रेकची गोष्ट सांगतो. आज रांगेत मला तीच आठवत होती.

गेल्या हिवाळ्यात ब्रेकची एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढत होतो. काम सोपं पण दोन माणसांचं. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकापाशी हवा सोडायचं निपल उघडायचं. बायकोची शिफ्ट होती, म्हणून रेवा. सीट नव्हतीच, चॅसीत प्लायवूडची फळी टाकून त्यावर उशी आणि त्यावर ही, अंगावर दोन जॅकेटं. मी मागच्या चाकाखाली आडवा. "दाब. धर. सोड." "दाब. धर. सोड." दर वेळी निपलमधून बुडबुडे यायचे आणि दर वेळी पेडल जमिनीला टेकायचं. ब्रेक ऑइलची बाटली संपली, दुसरी फोडली. मधल्या वेळात पोरगी मोबाइलवर इतिहासाचा अभ्यास करत होती. एकदाही म्हणाली नाही की कंटाळा आला. (म्हणाली. एकदा. भूक लागली म्हणून. टोस्ट दिला.)

शेवटी डिफरन्शियलपाशी पाइपाच्या टी-जॉइंटला एक थेंब लोंबताना दिसला. पुसला, परत आला. पान्याने आवळला, तरी परत आला. आणि ब्रेक ऑइल म्हणजे रंगाचा काळ. चॅसीवरचा नवा काळा रंग तिथे फुगून सालासारखा सुटायला लागला होता.

त्या रात्री मी गाडी विकायला काढली होती. खरंच, जाहिरात लिहून झाली होती. असल्या अर्ध्यामुर्ध्या गाड्यांच्या जाहिराती इथे नेहमी दिसतात. "किट कार, काम नव्वद टक्के पूर्ण, वेळेअभावी विकणे." त्या नव्वद टक्क्यांत वायरिंग कधीच नसतं. आणि वेळेअभावी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं: घर बदललं, नाहीतर मूल झालं, नाहीतर बायकोने विचारलं, "मी की ती?"

पैशाचं म्हणाल तर त्या गृहस्थांचा हिशोब फारसा चुकला नव्हता, घ्या. कमीच धरला होता त्यांनी, पाइपला फ्लेअर मारायचं (टोक फुलवायचं) हत्यार, इंजिन क्रेनचं भाडं वगैरे विसरले. पण आकडा मी सांगणार नाही, कारण ही पोस्ट घरातही वाचली जाते.

पण मला सांगा, तुम्ही सहलीला जाता तेव्हा कुणी विचारतं का, की एवढ्यात घरी बसून किती दिवस जेवला असता? लग्नात लाखो उडवता तेव्हा? क्रिकेटची तिकिटं काढता तेव्हा? तिथे हौसेला मोल नसतं. हौस हाताने करायची म्हटली की लगेच कॅल्क्युलेटर बाहेर.

आणि ते "मेकॅनिकचं काम". राग आलाय तो याचा.

गेल्याच आठवड्यात खंडेनवमीला याच मंडळींनी घरोघरी हत्यारांची पूजा केली. फोटो बघितले मी, लाइकही केले. लॅपटॉपला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. एकाच्याही ताटात पाना नव्हता! कॉव्हेंट्रीत राहतो आपण, मंडळी. या गावाने जगाला सायकली दिल्या, गाड्या दिल्या. आपल्यातले निम्मे लोक इथे आले तेच गाड्यांच्या धंद्यात. दिवसभर स्क्रीनवरच्या डिझाइनमध्ये बिजागऱ्या फिरवायच्या आणि संध्याकाळी टायर पंक्चर झालं तर फोन करून माणूस बोलवायचा. बोलवा की. कुणाला सगळं जमत नाही, वेळही नसतो, मान्य. पण ज्याला जमतं त्याला नाक मुरडू नका.

माझे आण्णा टर्नर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर जन्म गेला त्यांचा. मी इंजिनिअर झालो तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. आण्णांनी आयुष्यभर पंपाचे शाफ्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काढले, त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत. असो. त्यावर लिहायला बसलो तर दूध सांडेल.

तर ती रात्र. साडेदहा वाजले होते, म्हणजे तिकडे पहाटेचे चार. आण्णा उठलेलेच असतात. व्हिडिओ कॉल लावला, रडगाणं गायलं. म्हटलं, टाइट करतोय तरी गळतंय. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आवळू नगंस. आटं बघ की."

म्हटलं, आटे व्यवस्थित आहेत, सगळे नट एकाच पिशवीतले.

"म्हणूनच म्हंतोय. पिशवी भरणारा तुझ्यासारखाच आसंल. दोन काढ. एकाचं आटं दुसऱ्याच्या आट्यात बसीव आन् उजेडाला धर."

मी ऑइलने बरबटलेलो, म्हणून ते रेवाने केलं. पाइप जोडायचे दोन युनियन नट तिने शेजारी शेजारी चिकटवले, मागून मोबाइलचा टॉर्च मारला. पहिले दोन-तीन आटे एकमेकांत बसले आणि पुढे फट. "बाबा, इथे उजेड दिसतोय." व्हर्निअर लावून जाडी मोजली. एक दहा मिलिमीटरच्या आसपास, दुसरा साडेनऊ. दहाचा मेट्रिक, एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर. साडेनऊचा म्हणजे इंचातला, तीन-अष्टमांश यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक आटे). नुसत्या डोळ्यांना जुळे भाऊ! इंचातला नट मेट्रिकच्या भोकात जातो, थोडा खुळखुळतो, मग बसल्यासारखा वाटतो. बसत मात्र नाही. किटवाल्यांच्या पिशवीत एक चुकार इंचवाला आला होता.

दुसऱ्या दिवशी योग्य नट लावून नवीन पाइप टाकला. फ्लेअर मारायचं हत्यार शेजारच्या आजोबांनी दिलं. ते इथून जवळच्या रायटनच्या प्यूजो गाड्यांच्या कारखान्यात होते, 2006 साली तो बंद पडेपर्यंत. त्यांनी आजवर एकदाही केवढ्याला पडली म्हणून विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, की इंजिन सोळाशे सीसीचं की अठराशेचं?

परत रेवा फळीवर. दाब, धर, सोड. या वेळी तीच ओरडली, "बाबा, घट्ट झालं!" मी जाऊन पायाने दाबून बघितलं. दगडासारखं पेडल. बायको खाली आली, तीही दाबून गेली. मग मी आणि रेवा त्या फळीवर शेजारी शेजारी बसलो, स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढला. याचा व्हिडिओ आहे, तो कुणालाही मिळणार नाही.

आता मला कुणी सांगावं, यात पोरीचं काय नुकसान झालं? ती पुढे मेकॅनिक होईल? होऊ दे की. डॉक्टर झाली तर आवळण्याआधी आटे बघेल. वकील झाली तरी बघेल.

तोटे नाहीत असं नाही. एअरबॅग नाही. पाऊस आला की भिजायचं, आणि इंग्लंडात पाऊस कधी येत नाही? सामान ठेवायला जागा म्हणजे डबा आणि छत्री. लांबच्या प्रवासाला नेणार का विचाराल तर नाही, त्याला घरची डिझेल गाडी आहे. सूचनांच्या पुस्तकात फोटो भलत्याच मॉडेलचे आणि एका पानावर नुसतं "आता डॅशबोर्ड बसवा". भावा, कशाने बसवू? जानेवारीत गॅरेजमध्ये बोटं इतकी बधिर होतात की वॉशर हातात आहे की पडला ते कळत नाही. पडलेला वॉशर चॅसीच्या नळीतच जाणार, हा निसर्गनियम.

आणि रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी. 2009 पासून घरी बांधलेल्या गाड्यांना हीच. इथे मात्र मला इंग्रजांचं कौतुक वाटतं, कितीही वैताग आला तरी. शंभर मिलिमीटरचा एक गोळा गाडीच्या अंगावरून फिरवायचा, तो जिथे जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. का, तर उद्या कुणी चालणारा धडकला तर कापलं जाऊ नये. म्हणून सध्या रेवा रोज संध्याकाळी कानस घेऊन ब्रॅकेटच्या कडा गोल करते. हौशी माणसाने स्वतःच्या वापरासाठी बांधली हे दाखवायला फोटो जपायचे, पावत्या जपायच्या. (पावत्या एका डब्यात आहेत, डबा कुठे आहे ते सांगणार नाही.) कटकट आहे, पण वाट तरी आहे.

आपल्याकडे ती वाटच नाही. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून पोरासाठी छोटी जीप केली, किक मारून चालू होणारी. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी व्हिडिओ टाकला, कौतुक केलं, नियमांत बसत नाही म्हणाले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात दिलीही. चांगलंच केलं, त्या घराला चांगली गाडी मिळाली. नियमही उगीच नसतात, वाटेल ते रस्त्यावर आलं तर माणसं मरतील. तरी माझ्या मनात तेव्हापासून एक आहे: त्या माणसाला गाडी देणारे भेटले. "तपासायला आण, काय कमी आहे ते सांगतो" म्हणणारं खिडकीमागचं कुणी भेटलं असतं तर? असं एक ऑफिस काढा की कोल्हापुरात. रांग लागेल.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. ते गृहस्थ वाईट नाहीत, गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना एअरपोर्टवरून तेच घेऊन आले होते. आणि घरी येताना गाडीत मी रेवाला विचारलं, वाईट वाटलं का गं? तर म्हणाली, "त्यांनी हिशोबात वायरिंग धरलंच नव्हतं."

असो, कामाचं बोलतो. येत्या रविवारी इंजिन आत सोडायचंय. गिअरबॉक्स जोडूनच सोडावं लागतं, शेपटाकडून तिरकं खाली घालत, आणि दोन्ही बाजूंना बोटभरच जागा आहे. क्रेन मी धरीन, एकाने मागून गिअरबॉक्सला दिशा द्यायची, एकाने पुढून माउंटिंगवर, म्हणजे इंजिन टेकायच्या जागांवर, नजर ठेवायची. शेजारच्या आजोबांची पाठ धरली आहे, म्हणून दोन माणसं हवीत. सकाळी दहाला. जुने कपडे घालून या, अंगठ्या घरी ठेवा. पोहे मिळतील.