जुनी मूर्ती घ्यायचीय? मग पत्रकारांपासून जरा सांभाळून

पैसा इतका झालाय की घरात किंवा म्युझियममध्ये एखादी हजार-दोन हजार वर्षं जुनी वस्तू हवीच असं वाटायला लागलंय ना, मग घ्या बिनधास्त. फक्त माल आला कुठून हे विचारत बसू नका, कागद आहे का तेवढं विचारा. कागदावरची तारीख 1970 च्या आसपासची किंवा त्याआधीची असली की उत्तम, त्या वर्षी चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला ना, त्याआधी देशाबाहेर पडलेल्या मालाची कोणी फारशी चौकशी करत नाही. आणि जुना मालक लांबचा कोणीतरी दाखवायचा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने 2008 मध्ये सुमारे 50 लाख डॉलर मोजून नटराज घेतला, कागदांत सुदानच्या डिप्लोमॅटचं कुटुंब वगैरे सगळं व्यवस्थित होतं. नटराज तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातून चोरलेला निघाला, आणि 2014 ला परत पाठवावा लागला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो होते आणि काही उद्योगी लोक ते जुळवत बसले. लोकांना कामं नसतात हो!

फोटोवरून आठवलं, तुम्ही स्वतः तर अजिबात काढू नका. जाकोमो मेदिची नावाचा इटालियन डीलर, 1995 मध्ये जिनिव्हाच्या फ्रीपोर्टमधल्या (म्हणजे करमुक्त साठवणुकीच्या जागेतल्या) त्याच्या गोदामावर धाड पडली तर हजारो पोलरॉइड फोटो सापडले, आधी मातीने माखलेली भांडी, मग तीच घासूनपुसून जोडलेली, आणि वर हा पठ्ठ्या न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये युफ्रोनिओस या प्राचीन ग्रीक चित्रकाराच्या क्रेटरशेजारी (वाइन मिसळायचं मोठं भांडं) उभा राहून फोटो काढून घेतोय.

तरी समजा बातमी आलीच, तर घाबरायचं कशाला? तो क्रेटर मेटने 1972 मध्ये दहा लाख डॉलरला घेतला, तो थडग्यातून उकरलेला आहे हे न्यूयॉर्क टाइम्सने पुढच्याच वर्षी छापलं, आणि इटलीला परत कधी गेला, तर 2008 मध्ये. म्हणजे बातमी खरी असली तरी मधे 35 वर्षं तिकिटं विकता येतात.

अजून सेफ खेळायचं असेल तर डग्लस लॅचफोर्ड या ब्रिटिश संग्राहक-डीलरकडे बघा. कंबोडियाच्याच मूर्ती, त्यातल्या थोड्या कंबोडियालाच दान, वर त्यांच्याकडूनच सन्मान, बाकीच्या जर्सी या करसवलतीच्या बेटावरच्या ट्रस्टमध्ये. अमेरिकेत 2019 ला आरोप ठेवले गेले, 2020 ला साहेब वारले, खटला उभाच राहिला नाही, आणि पँडोरा पेपर्स या फुटलेल्या गुप्त आर्थिक कागदपत्रांमधून ट्रस्टची भानगड बाहेर आली ती 2021 मध्ये. एकच चूक झाली, पोरीला नीट तयार केलं नाही, तिने सगळा संग्रह कंबोडियाला देऊन टाकायचं ठरवलं.